पहिली वेलांटी

रविवार, २ फेब्रुवारी

चि. वेलांटीस,
अ. उ. आ.

छापखान्याच्या यंत्रांनी माझे कान खाल्ले, फोनवर तू अर्धीच पोचतेस, म्हणून पत्र. इंजेक्शनच्या जोडीला डॉक्टरीणबाईंनी आता गोळ्या दिल्यात. पुरुषी हार्मोन अडवायचं, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरला खुराक मिळत नाही. सकाळी उपाशीपोटी चार मोठ्या, नंतर तासभर तोंडाला कुलूप. मग नाश्त्यावर एक छोटी. अंगातून वाफा निघतात. तुझ्या आईला चाळिशीनंतर निघायच्या तेव्हा मी हसायचो, आता तिचं देणं फेडतोय.

एक सांगतो, घाबरू नकोस. काल सकाळच्या गोळ्या राहिल्या असं वाटून दुपारी बाटली उघडली. टेबलावर माझी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायची जुनी स्टिक असते ना, रिकामी? तिच्यात ओळ होती. उलटी अक्षरं, पण चाळीस वर्षं उलटंच वाचलंय मी. ‘आज घेतलि.’ पहिली वेलांटी. बाटली बंद केली.

तुझा,
बाबा

बुधवार, ५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईला जाऊन तीन वर्षं झाली. ती तुमच्याकडून जुळणी शिकली, पण शेवटच्या वेलांटीत शेवटपर्यंत चुकली, हे तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरायचात. ती ओळ तुम्हीच जुळवली आणि विसरलात, असं मी धरून चालते.

मला भुताची नाही, गोळ्यांची भीती वाटते. डॉक्टरीणबाईंना विचारलं. राहिली तर राहू द्यायची, दुसऱ्या दिवशी नेहमीचीच घ्यायची, दोन दिवसांची एकदम कधीच नाही. छोटी गोळी मनानं बंद केली तर माणूस आडवा होतो. उलट्या लागल्या, गोळी पोटात टिकली नाही, तर लगेच कळवायचं. कुणाचा काढा-चूर्ण त्यांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. रक्ततपासणी चुकवायची नाही. आणि बाटलीतल्या गोळ्या मोजून कळवा.

तुमची,
वेलांटी

शनिवार, ८ फेब्रुवारी

चि. वेलांटीस,
अ. उ. आ.

काल सकाळच्या घेतल्यावर मोजल्या. एकशेवीसची बाटली, एकोणीस दिवस, म्हणजे शहात्तर गेल्या. चव्वेचाळीस उरल्या. कमी नाही, जास्त नाही.

ओळ रोज असते. मी गोळ्या घेऊन चूळ भरून येईपर्यंत लागलेली असते. खिळे माझ्याच पेटीतले, पण माझी बोटं काळी नसतात. आणि वेलांटीबाई, दुसऱ्या वेलांटीच्या जागी पहिली लावायला माझा हात धजेल का? म्हातारा झालोय, अडाणी नाही.

तुझाच,
बाबा

सोमवार, ३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. येताना तुमची स्टिक पिशवीत घातली, रागावू नका. खिळ्यांची पेटी तुमच्याकडेच आहे. भिंतीवर कॅलेंडर लावलंय, गोळी घेतली की स्वतःच्या हातानं खूण करायची. माणसानं स्वतःच्या खुणेवर विश्वास ठेवावा. रिकामी स्टिक माझ्या खिडकीत ठेवलीय, छान दिसते.

तुमची,
वेलांटी

शुक्रवार, १४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या शेजारच्या नर्सबाईंच्या फोनवर पाठवतेय, त्या तुम्हाला दवाखान्यात वाचून दाखवतील. बुधवारी सकाळी खिडकी उघडायला गेले, तर स्टिक भरलेली. माझ्या घरात एक खिळा नाही, बाबा. मला उलटं वाचता येत नाही, म्हणून आरशासमोर धरली. ‘आज घेतलि नाहि.’

नर्सबाईंना फोन लावला, नंबर दोनदा चुकला. त्यांनी दार उघडवलं. तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर. तीन दिवस उलट्या, मोठी नाही की छोटी नाही, कॅलेंडरवर तीन चौकोन कोरे. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला का नाही कळवलंत? मी तुमच्यावर फार चिडलेय आणि उद्याच येतेय.

तुमची,
वेलांटी

गुरुवार, २० मार्च

चि. वेलांटीस,
अ. उ. आ.

काल घरी आलो. सलाईनमधून छोट्या गोळीचंच औषध दिलं, तेव्हा उठलो. आता मोठ्याही सुरू. तुला त्रास नको म्हणून कळवलं नाही. चूक झाली, कान धरतो.

तू गेल्यावर पेटी पाहिली. ती ओळ मनात जुळवून एकेक खण मोजला. नेमके तेवढेच खिळे कमी आहेत. पहिल्या वेलांटीचे दोन.

ते परत आणू नकोस. स्टिक तुझ्याच खिडकीत राहू दे, ओळ रोज बघत जा. आणि शुद्धलेखन सुधारायला जाऊ नकोस. जन्मभर मी तिची ती वेलांटी सगळ्यांदेखत बदलत आलो. आता राहू दे.

लोभ आहेच, तो आपल्या तिघांत असाच राहो.

तुझा,
बाबा