खाणीच्या पाण्यात माझं तोंड

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही आणि मामी खुशाल असाल असं धरून चालतो, कारण विचारायला फोन करावा तर गेले चार महिने तुम्ही तो उचलत नाही. मामी उचलतात आणि ‘हे बागेत आहेत’ म्हणून सांगतात. (तिसऱ्या मजल्यावर बाग कधी केलीत?) राग कशाचा आहे ते मला ठाऊक आहे. तुमच्या निवृत्तीच्या आठवड्यात, भर बैठकीत, तुमच्या देखत मी म्हणालो की बशांमध्ये जंतू वाढवत बसायचे दिवस गेले, मामांची खोली आता संगणकांना द्यावी. ज्यांनी मला या प्रयोगशाळेत बोट धरून आणलं, त्यांच्याबद्दल मी हे बोललो, आणि वर ते मला फार हुशारीचं वाटलं.

तर त्या हुशारीचं पुढे काय झालं ते ऐका. एका बंद खाणीच्या तळाचं पाणी आमच्याकडे आलं. तुमच्या बशीत शंभरातला एखादाच जीव वाढायचा, बाकीचे रुसून बसायचे. आमच्या मेटाजिनोमिक्समध्ये रुसायची सोयच नाही. पाण्यातले सगळे जीव एकदम फोडायचे, सगळ्यांचा डीएनए एकत्र वाचायचा आणि कोणता तुकडा कोणाचा हे संगणकाला लावायला सांगायचं. (शंभर घरची पत्रं फाडून एकाच पोत्यात भरावीत आणि मग चिकटपट्टी घेऊन बसावं, तसं.) संगणकाने जुळवलं आणि निघालं काय, तर काळ्याकुट्ट खाणीत माणसाच्या दातांवर राहणारे जंतू! आमच्या साहेबांनी दोन दिवसांत सिद्धांत उभा केला की हे जंतू लाखो वर्षं खडकात बसून दातांची वाट पाहत होते. साहेब एवढे खूश मी कधी पाहिले नव्हते. पण आमच्या बाई, ज्या दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यांनी पडताळणीसाठी एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची ठेवली होती. तिच्यातही तीच मंडळी. मग साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना आ करायला लावलं, आणि खाणीतले जंतू तंतोतंत माझ्या तोंडाशी जुळले. (माझ्या दाढा किडायच्या बेतात आहेत हेही त्याच तपासणीत सर्वांसमक्ष जाहीर झालं.) मी त्या नळ्या भरताना मेहुण्याच्या नव्या गाडीची हकिकत सांगत होतो. चाळीस मिनिटं. झाकणं उघडी. दारावर तुमच्या हातची ‘नळी उघडी, तोंड बंद’ अशी पाटी होती, ती खोली रिकामी करताना मीच काढून टाकली होती.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, “मामा असते तर हे झालं नसतं,” आणि आत गेले.

आता खरी गंमत. पाणी पुन्हा मागवलं, या वेळी बाईंनी नळ्या भरल्या (मला बाहेर बसवलं होतं), आणि त्यात एक अगदी नवा जीव निघाला. त्याच्या निम्म्या जनुकांचं काम काय, हे कोणालाच ठाऊक नाही. लोखंडावर जगत असावा, असा अंदाज. अंदाजच, कारण वाचून एवढंच कळतं की त्याच्याकडे काय काय करायची सोय आहे. तो करतो काय, हे तो जिवंत असतानाच पाहायला हवं. यापुढे काम असंच चालेल असं मला आता वाटतं: यंत्राने वाचून सांगायचं की कोणाला काय आवडतं, आणि कोणीतरी निगुतीनं त्याला तेवढं खाऊ घालायचं. ती निगुती इथे एकालाही नाही. बाईंनी प्रयत्न केला, तीन आठवडे बशा कोऱ्या. मी केला, तर बशीत पुन्हा मीच उगवलो.

असो. मामींना नमस्कार. त्यांचे गुडघे कसे आहेत ते कळवा.

तुमचा भाचा

ता. क. आठवड्यातून दोन दिवस येऊन जाल का? आम्ही अगदी अडून बसलो आहोत. खोलीतले संगणक मी जिन्याखाली हलवले आहेत.

ता. क. आणखी एक. वर खोटं लिहिलं. कोणी अडलेलं नाही. अहवालाला त्या जिवाची नुसती नोंद पुरते, आणि अहवाल कालच रवाना झाला. अडलो आहे तो मी. त्या बैठकीत तुम्ही नुसता चष्मा पुसत राहिलात. ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी चुकलो, मामा, आणि हे मला समोर उभं राहून सांगायचं आहे. तो जीव नाही वाढला तरी चालेल. तुम्ही या.