मणीबेनच्या कुंपणावरचा मोर

पलसाणा, जून १९९७

पोरी हर्षदा,

शहरात, लिंबायतमध्ये पंचवीस वर्षं कापडाचे लूम चालवून मी इकडे उसाजवळ राहायला आलो, ते शांततेसाठी. पण शेजारच्या मणीबेनचे कोंबडे, बदकं आणि तिच्या दाण्यावर येणारे रानातले मोर पहाटेपासून नुसता गोंगाट करायचे. दोनदा भांडलो मी तिच्याशी.

हळूहळू सगळं गप्प झालं. वाटलं, माझ्यामुळे बाईने पाखरं विकली. मनाला लागलं, म्हणून काल विचारायला गेलो. अंगणात सगळी होती. कुंपणावर मोर मान ताणून, चोच उघडून ओरडत होता. मला काहीच ऐकू येईना.

"मोर आजे बहु बोले छे," मणीबेन म्हणाली. मी मान डोलावली. लूमच्या खडखडाटात आम्ही सगळे ओठ बघूनच बोलणं ओळखायचो. ती सवय अशी, की माणसांत कान गेलेले कळलेच नाहीत. मोराला ओठ नसतात.

हे पत्र टाकणार नाही, तू घाबरशील. पण दिवाळीपासून तुझा प्रत्येक फोन मी 'लाइन खराब आहे' म्हणून ठेवला आणि तू रुसलीस.

लाइन चांगली होती, पोरी.

तुझे आप्पा