सोमवारपासून गाडी

१६ जून

अण्णासाहेब आले! शाळेच्या पहिल्याच दिवशी, तेही या टोकाच्या वाडीत. एवढे मोठे पुढारी, मुळशीत त्यांना न ओळखणारं कुणी नाही. पण धरणाच्या या अंगाला सात वर्षांत मी तरी त्यांना पाहिलं नव्हतं. पाच मुलांना पाच गुलाब. प्रत्येक गुलाबाचा वेगळा फोटो. मग भाषण — "एका जरी लेकराला चालत यावं लागलं, तर मला जेवण गोड लागणार नाही. येत्या सोमवारपासून वरच्या वाडीला गाडी!"

सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. वरच्या वाडीहून येते ती एकटी गौतमी, तिसरीतली. रानातून तासभराची चाल, आईबाप नाहीत, आजी चंद्राबाई रोज सोडायला. त्या मला म्हणाल्या, "म्हातारीचं गुडघं सुटलं म्हनायचं, बाई."

२३ जून

सोमवार. गाडी नाही.

३० जून

आजही नाही. साहेबांचा माणूस विश्राम, त्याला फोन केला. "प्रोसेसमध्ये आहे, मॅडम." कसली प्रोसेस? एक जीप!

१३ जुलै

रविवार. दयानंद आणि अनुष्का, बापलेक नांदेडला, मी इथे. तिकडच्या बदलीचा आदेश निघून दीड वर्ष झालं. पण माझ्या जागी कुणी येईपर्यंत कार्यमुक्त करत नाहीत, आणि इथे यायला कुणी तयार नाही.

पाण्याच्या कडेला खडकावर उभं राहिलं की रेंज येते. व्हिडिओ कॉल केला. अनुष्का ओरडली, "आई, तू हलतच नाहीयेस!" रेंज गेली होती. मी तशीच फोन धरून उभी. समोर एवढं पाणी, आणि बोलायला माणूस नाही.

खोलीवर येऊन मोठ्यानं पाढे म्हटले. कुणाचा तरी आवाज हवा म्हणून.

१७ जुलै

गौतमीला सोडायला येताना चंद्राबाई ओढ्यात घसरल्या. पाय मोडला. घोंगडीच्या झोळीतून खाली आणलं, मग कुणाच्या तरी टेम्पोतून पौडच्या दवाखान्यात. गौतमी दिवसभर माझ्या मांडीशी.

"आज्जी माज्यामुळं पडली का, बाई?"

नाही गं. नाही.

२४ जुलै

गौतमीला शहराकडे जांब्याला नेलं, आत्याकडे. आत्या आयटीवाल्यांच्या घरी स्वयंपाकाला जाते. तिचं तान्हं सांभाळायचं. आठ वर्षांच्या पोरीनं! शाळेचा दाखलाही मागितला नाही. म्हणजे तिकडे शाळेत घालणार नाहीत.

"हितं कोन सोडनार तिला साळंत?" चंद्राबाई खाटेवरून म्हणाल्या. माझ्यावर राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

१५ ऑगस्ट

आज बोलले!

खालच्या गावात झेंडावंदनाला अण्णासाहेब. "मुलगी शिकली तर गाव शिकलं," वगैरे. मी कधी उठले, मलाच कळलं नाही.

"अण्णासाहेब, गौतमी कुठे आहे, माहीत आहे?"

"कोण गौतमी?"

"तुम्ही गुलाब दिलात ती. तुमच्या फेसबुकवर फोटो आहे तिचा."

ते हसले. "बाई, तुमच्या भावना समजतो मी. येत्या सोमवारपासून—"

"कुठल्या सोमवारपासून?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मग जिलेबी वाटली. माझ्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.

परतताना घरमालक गेणबा बरोबर होते. म्हणाले, "बोल्लात ते खरं हाय. पर तुमी उद्या जाशीला. आमाला हितंच ऱ्हायचंय. रस्ता त्येच्याच हातनं व्हनार."

"कुठाय रस्ता?"

"व्हईल की."

२० ऑगस्ट

गेणबांच्या घरून रोज तांब्याभर ताक यायचं. पाच दिवस आलेलं नाही. मुलांच्या आया फाटकापासूनच वळतात. चौघं मुलं सोडली तर तेव्हापासून कुणी मला हाक मारलेली नाही.

म्हणून वरच्या वाडीला गेले. चंद्राबाईंनी चहा दिला, भिंतीला धरून स्वतः उठून. म्हणाल्या, "समद्यांच्या म्होरं माज्या नातीचं नाव घेतलंसा. आमच्यासाटी कोन बोलतंय हो, बाई?" मला रडू आलं.

"पाय नीट झाला की पोरीला माघारी आनते. पर तुमी हायसा न्हवं?"

म्हटलं, आहे.

२५ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर विश्राम आला, जीप घेऊन! हातात पाकीट. कार्यमुक्तीचा आदेश. दीड वर्षात जे झालं नाही, ते दहा दिवसांत.

"साहेब म्हणाले, बाईंना लेकीपासून लांब ठेवणं बरं नाही. साहेब शब्दाचे पक्के आहेत, मॅडम."

माझ्या जागी कोण? "बघू. चारच तर पोरं. खालच्या शाळेत जातील." खालची शाळा सात किलोमीटर. "सही करून ठेवा, उद्या नेतो."

कागद टेबलावर आहे. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर पट्टी ठेवली. मग काढली. मग पुन्हा ठेवली.

अनुष्काला अजून कळवलेलं नाही.

८ सप्टेंबर, नांदेड

नव्या शाळेत हजर झाले. मधल्या सुट्टीत नलिनी मॅडमनी चहा पुढे केला. "तुमची मुळशीची शाळा कशी होती हो?"

म्हटलं, बंद पडली.

"अगंबाई! का?"

"शिकवायला कुणी थांबलं नाही."