न लिहिलेली जागा

४ एप्रिल

आले बाई एकदाची हैदराबादला! पुण्याचं घर भाड्याने दिलं, पुस्तकं वाटून टाकली आणि उरलेली अनुराधाबाई दोन बॅगांत मावली. विमानतळावर शर्वरी आली होती. एकुलती एक लेक माझी. मला पाहून रडलीच. मी म्हटलं, अगं, मी राहायला आलेय, तुझी पाठवणी करायला नाही. तेव्हा कुठे हसली. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये असं आमची आजी म्हणायची. मी आल्या आल्या दोन पेले प्यायले.

घर कुकटपल्लीत, नवव्या मजल्यावर. जावई हर्षद गुणाचा आहे, फक्त बोलताना समोरच्याकडे न बघता फोनकडे बघतो. बाल्कनी मोठी, पण ऊन असं की पापड घातले तर दुपारीच तळायला घ्यावेत. कबुतरांसाठी बाहेरून जाळी लावलीय, आणि आत खोलीच्या बाजूने लोखंडी ग्रिलचं दार, त्याला कुलूप. मुख्य दारही आतून कुलूप लावून बंद ठेवतात. किल्ल्यांचा जुडगा शर्वरीच्या कमरेला. इतक्या उंचावर चोर कुठला, विचारलं, तर म्हणे माकडं येतात. माकडं! नवव्या मजल्यावर! हर्षदने पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

ही रोजनिशी शर्वरीनेच दिली. लिहीत राहा म्हणाली, बरं असतं. लिहीन की. आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलं. पोरांना एकच सांगायची, गोष्ट कोण सांगतंय ते आधी बघा. निवेदक शपथा घ्यायला लागला की आपलं पाकीट सांभाळा. आणि त्याने काय सांगितलं यापेक्षा काय गाळलं तिकडे लक्ष द्या, खरी गोष्ट तिथे असते. मी मात्र डोळ्यांनी पाहिलेलंच लिहिणार.

७ एप्रिल

आज रविवार. शर्वरीने आबिड्सला नेलं. फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग, मी तिथेच फतकल मारून बसले. मराठी एक मिळालं नाही, पण लाल शाईचं पेन घेतलं. लाल पेन हातात नसलं की मला उघडं वाटतं. वह्या कुठे तपासणार, असं शर्वरीने विचारलं. मी म्हटलं, तुझ्या.

उकाडा फार. बिनबाह्यांचा गाऊन घाल म्हणून शर्वरी मागे लागलीय. मी कोपराच्या खालपर्यंत बाह्या वापरते, कित्येक वर्षं. का ते आता आठवत नाही. सवय.

कामाला त्रिवेणी येते. मूळची उदगीरकडची, मराठी बोलते पण मध्येच ‘नक्को’, ‘हौ’, ‘परेशान’ असं काय काय येतं. मला अम्मा म्हणते. तिने सकाळी तेल तापवलं तशी मी दोन पावलं मागे सरले. शर्वरी सहा वर्षांची असताना दिवाळीत चकलीची कढई कलंडली होती. उकळतं तेल. तिच्या डाव्या हातावर, कोपराखाली, पेरूच्या पानाएवढा डाग राहिला. अजून ती किंकाळी कानात आहे.

१३ एप्रिल

मलकपेठेत डॉक्टरांकडे नेलं. गुडघ्यासाठी, असं शर्वरी म्हणाली. डॉक्टरांनी गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही. घड्याळाचं चित्र काढा म्हणाले. मग तीन शब्द सांगितले आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारून पुन्हा विचारले. मी म्हटलं, डॉक्टर, तोंडी परीक्षा मी घेते, देत नाही. ते हसले. शर्वरी हसली नाही. परत येताना गाडीत माझा हात धरून बसली होती.

घरी आल्यावर माझा फोनही काढून घेतला. मी म्हणे सुजाताला सारखा फोन करते. बहिणीला फोन करायचा नाही तर कुणाला? सुजाता आता फोन उचलणार नाही आई, एवढंच शर्वरी म्हणाली आणि आत गेली. रुसली असेल सुजाता.

१९ एप्रिल

आले बाई एकदाची हैदराबादला! घर चांगलं आहे, नवव्या मजल्यावर. विमानतळावर शर्वरी

हे मी आधी लिहिलंय का? असो.

दुपारी झोपून उठले तर स्वयंपाकघरात एक बाई. आखूड केस, कानाजवळ पांढरे झालेले, डोळ्यांखाली काळं. चहा ठेवत होती. शेजारीण असेल म्हणून मी पदर सारखा केला आणि शर्वरी कुठे गेली ते विचारलं. ती म्हणाली, मीच की गं. मला वाटलं चेष्टा करतेय. पण हसत नव्हती.

माझ्या शर्वरीचे केस कमरेपर्यंत आहेत. मी स्वतः वेणी घालते.

२४ एप्रिल

ती गेलेली नाही. शर्वरीच्या कपाटातले कपडे घालते, शर्वरीच्या खोलीत झोपते. किल्ल्यांचा जुडगाही तिच्याच कमरेला. हर्षद तिला शरू म्हणतो! डोळ्यांदेखत! मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणे आई, तुम्ही दमल्या आहात, जरा पडा. उंदराला मांजर साक्ष.

त्रिवेणीशी ती अर्धं हिंदी, अर्धं तेलुगू बोलते. माझ्या लेकीला तेलुगू येत नाही. तिच्या अंगावर पाल पडली तरी ती शुद्ध मराठीत ओरडेल.

मी काही वेडी नाही. पुरावा हवा म्हणून आज ती कणीक मळत असताना तिचा डावा हात धरला आणि उलटसुलट करून पाहिला. कोपराखाली काही नाही. डाग नाही. हात स्वच्छ. ती विचारत राहिली, काय बघतेयस आई, काय झालं. मी सोडला हात. झालं तर मग. आता शंका नाही.

शर्वरी, कुठे ठेवलंय गं तुला यांनी?

३० एप्रिल

त्रिवेणीला विश्वासात घेतलं. तिने कपाळावर हात मारला. अम्मा, हीच की ओ तुमची पोरगी, अशी बोलता काय, असं म्हणत डोळ्याला पदर लावला. म्हणजे तिलाही फितवलीय. ती बाई रोज दोन गोळ्या देते. मी जिभेखाली धरते आणि कुंडीत थुंकते. आमटीत मीठ दोनदा पडलं आज. मी टाकलं म्हणतात. मी स्वयंपाकघरात गेलेच नव्हते. शपथेवर लिहिते.

४ मे

आज तिने मला न्हाऊ घातलं. नको नको म्हणत होते, पण गुडघ्यांपुढे काही चालत नाही. बाह्या वर करू लागली तेव्हा मी हात झटकला, तिने पुन्हा प्रयत्न केला नाही. डोक्याला तेल लावलं. बोटं अगदी— नाही. बोटं कुणाचीही असतात. पण क्षणभर डोळे मिटले आणि वाटलं, आली माझी शरू. मान मागे टेकवली. मग पाठीवर काहीतरी गरम पडलं. ती रडत होती. आवाज न करता, माझ्या पाठीआड.

बाई गं, माझ्या लेकीला परत दे, मी म्हटलं. हात जोडले. काय हवं ते घे, पण तिला दे. ती ओल्या फरशीवरच बसली.

मला तिची दया आली. असं कसं चालेल.

८ मे

हर्षद कामासाठी बेंगळुरूला. त्रिवेणी लग्नाला गावी. घरात आम्ही दोघीच. तिला कालपासून ताप आहे, तरी उभी राहून माझ्यासाठी मऊ भात केला.

रोजनिशीवर तिचा चष्मा सापडला. वाचते! माझ्या बातम्या माझ्याच वहीतून! आता जे महत्त्वाचं ते लिहायचं नाही. डोक्यात ठेवायचं. डोकं अजून शाबूत आहे.

९ मे, दुपार

जमलं.

ती बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेली. जुडगा कुलपालाच लटकत होता. ग्रिल ओढलं, कुलूप दाबलं, किल्ल्या काढल्या. टेबलावरचा तिचा फोनही घेतला. दोन्ही एकत्र लपवलंय. कुठे ते लिहिणार नाही. शोध म्हणावं.

आधी तिला गंमत वाटली. मग ग्रिल हलवायला लागली. मी खुर्ची समोर ओढून बसले आणि सांगितलं, शर्वरी कुठे आहे ते सांग, उघडते. मी इथेच आहे, मी इथेच आहे, हेच एक धरून बसलीय. पायांना चटके बसतायत म्हणाली, अनवाणी गेली होती. ओले कपडे पायांखाली घेतलेत. समोरच्या इमारतीचं बांधकाम चालू, ड्रिलच्या आवाजात तिच्या हाका कोण ऐकणार.

सांगेल. उन्हाने भलेभले बोलतात.

थोड्या वेळाने

पाणी मागितलं. दिलं नाही. आधी शर्वरी.

कुठेतरी फोन वाजत होता. बंद झाला.

नंतर

आता ओरडत नाही. ग्रिलला डोकं टेकून हळू बोलतेय. लिहून घेते, नंतर उपयोगी पडेल. म्हणाली, आई, तू माझ्या हातावर डाग शोधत होतीस ना? तू वहीत लिहिलंस ते मी वाचलं. अगं, मला भाजलंच नव्हतं. कढई कलंडली तेव्हा तू मला मागे ओढलंस आणि हात मध्ये घातलास. तेल तुझ्या हातावर पडलं. किंचाळलीस तू. मी बघून घाबरते म्हणून तेव्हापासून लांब बाह्या. बाही वर कर, आई. एकदा वर कर.

खोटं. रचून बोलतेय. मला काय आठवत नाही? तेल शर्वरीच्या

बाही वर केली.

पेरूच्या पानाएवढा. माझ्या हातावर. कोपराखाली.

माझ्या हातावर आहे.

—

शर्वरी. ती शर्वरी आहे. शरू माझी, केस कापलेली, पांढरे झालेली, मला मऊ भात करणारी—

किल्ली. कुठे. उशीखाली नाही. तांदळाच्या डब्यात नाही. कपाट. गादी. नाही. मुख्य दाराची किल्लीही त्याच जुडग्यात. खिडकीतून हाका मारल्या, ड्रिल चालू आहे. वहीत असेल. वाचते.

वाचलं. पहिल्यापासून. लाल पेन हातात होतं, सवयीने खुणा करत गेले. माकडं. घड्याळ. सुजाता, सुजाता तर गेली, मीच तिच्या दहाव्याला— मीठ. शपथ. अगं बाई, शपथसुद्धा घेतली. शेवटी समासात शेरा लिहिला— या निवेदिकेवर विश्वास ठेवू नये. मग बघितलं, अक्षर दोन्हीकडे माझंच.

आणि ज्या ओळीत जागा असायला हवी तिथे लिहिलंय, लिहिणार नाही.

पोरांना सांगत होते मी. काय गाळलं ते बघा.

काय गाळलं मी? आठव. अनुराधा, आठव गं—

पाणी नेलं. पेला ग्रिलमधून धरला. बसली आहे भिंतीला टेकून. डोळे अर्धे उघडे. अंगाला हात पुरला, तव्यासारखं तापलंय. पदर भिजवून कपाळावर पिळला. ओठ हलले. आई म्हणाली बहुतेक.

फोन वाजायला हवा. वाजला की जागा कळेल. देवा, हर्षदला बुद्धी दे, फोन करू दे—

विसरायचं नाही. म्हणून लिहितेय. बाल्कनीत शर्वरी आहे. बाल्कनीत आहे ती शर्वरी आहे. किल्ली शोधायची आहे. बाल्कनीत शर्वरी

वाजतोय! आत कुठेतरी— देवघर, नाही— पिठाच्या— नाही, इकडे, नाही

थांबला.

शरू, पेला धर गं. हात पुढे कर. ओळखलं मी तुला. रागावू नकोस, ओळखलं. एकदा आई म्हण, आवाज तरी दे, मी आलेच, किल्ली मी— किल्ली मी कुठे

शर्वरी?