राजाच्या गालावरची उलटी अक्षरं

३ मार्च, सकाळी ७.१०
सापडलं! जुन्या बाजारातून आणलेल्या किलोभर मोडीत एक तांब्याचं नाणं. राजाच्या गालावर मागच्या बाजूची अक्षरं, उलटी, आरशातल्यासारखी. डाय क्लॅश! म्हणजे टांकसाळीत मधे नाण्याची कोरी चकती यायची राहिली, वरचा-खालचा ठसा एकमेकांवर आदळले आणि पुढच्या नाण्यांवर त्याचे वण उमटले. हिला समजावलं. ही म्हणाली, दुधाकडे बघा. नाही बघितलं. उतू गेलं. इतिहास घडताना एवढं चालायचंच.

४ मार्च
ठराव : कुणालाही सांगायचं नाही.

४ मार्च, दुपारी
आठ जणांना सांगितलं. सगळे विश्वासातले.

६ मार्च
फिटरला दाखवलं. तीस वर्षांची दोस्ती. पठ्ठ्यानं भिंगसुद्धा हातात घेतलं नाही. म्हणे, "दोन नाणी एकावर एक ठेवून वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलीत कुणीतरी. नाक बघ, चपटं झालंय." मी म्हणालो, फिटरला सगळ्या जगात वाइसच दिसतो. तो म्हणाला, "आणि तुला?" नाणं उचलून घरी आलो. मोठेपणा. बोलणं बंद. (माझ्याकडून. त्याला कळलंय की नाही, कोण जाणे.)

९ मार्च
नाणे-मंडळाच्या सेक्रेटरींनी रविवारच्या सभेत बोलायला वीस मिनिटं दिली. भाषण लिहायला घेतलं. आभारप्रदर्शन पूर्ण.

१२ मार्च
फिटर घरी आला. झोपलोय म्हणून सांग, असं हिला बजावलं. ही दारात जाऊन म्हणाली, "झोपलोय म्हणून सांग म्हणतायत." इतक्या वर्षांच्या संसारात हिला एक खोटं धड बोलता येऊ नये! तो हसला नाही. तसाच गेला. जेवण जरा कमीच गेलं. उकाडा असेल.

१५ मार्च, रविवार
सभा. मंडळाच्या म्हाताऱ्या जाणकारांनी नाणं बराच वेळ न्याहाळलं. मग माझ्या कानात हळूच सांगितलं. माइक चालू होता. डाय क्लॅशचा वण सपाट भागावरच येतो. राजाचा गाल ठशात खोल असतो, तिथवर दुसरा ठसा पोचतच नाही. "तुमची अक्षरं तर गालावरून नाकापर्यंत चालत गेलीत. हे वाइसचं काम." चाळीस माणसं. तज्ज्ञांत मतभेद असतातच. आभारप्रदर्शन मात्र वाचलं.

१६ मार्च, सकाळी
फिटरच्या वर्कशॉपवर गेलो. सहज. त्या बाजूला काम होतं. खिशात मोडीतली चार नाणी, तीही सहजच.
'सांगितलं होतं ना' असं तो म्हणाला नाही. दोन नाणी घेतली, वाइसमध्ये धरली, हँडल आवळलं. तीच उलटी अक्षरं, तोच गाल. दोन मिनिटांचं काम.
मला म्हणायचं होतं, चुकलो. तोंडातून निघालं, "सरक, मला करू दे."
उरलेली दोन मी दाबली. राजाचं नाक पार गेलं, पण अक्षरं त्याच्यापेक्षा माझी ठळक आली. त्यानंही कबूल केलं.