सात दिवसांनी आपोआप

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. ‘तुम्ही दोघं मजेत असाल’ असं लिहायची हाताला सवय आहे, पण ते वाक्य सध्या बाजूला ठेवते. वहिनीचं गिळताना दुखणं कमी आहे का? ऑपरेशन अठ्ठावीसलाच ठरलंय ना? मी रजा टाकली आहे. इकडे मी ठीक.

तू म्हणशील, जन्मभर कॉम्प्युटरपुढे बसलेली ही बाई आज पेन-कागद घेऊन काय बसली. फोन केला की तू दुकानात कुणाच्या तरी नाकावर चष्मा बसवत असतोस आणि ‘बोल पटकन’ म्हणतोस. मला पटकन बोलायचं नव्हतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या वरच्या मजल्यावर, जिथे मोडक्या खुर्च्या ठेवतात, तिथे येऊन लिहितेय.

ऑफिसात नेहमीचंच. आम्ही ग्रंथालयांसाठी प्रोग्राम करतो, तुला माहीत आहे. सध्याचा वाद असा, की पुस्तक परत घ्यायचं बटण आणि पुस्तक रद्द करायचं बटण शेजारी-शेजारी असल्यामुळे एका ग्रंथपालबाईंनी एकाच दुपारी शंभरावर पुस्तकं रद्द करून टाकली. साहेब म्हणाले, त्यांना नीट बघायला काय झालं होतं. मी म्हणाले, दोष बटणाचा आहे. एरवी यावर मी तासभर बोलले असते. या वेळी एवढंच बोलून जागेवर येऊन बसले.

दुसरी बातमी चाळणीची. आठवतं ना, तुझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर गेल्या वर्षी मी बसवून दिली होती? लॉटरीच्या आणि टक्कल घालवणाऱ्या औषधांच्या मेल अडवायला? नऊ वर्षांपूर्वी हौसेने लिहिलेला प्रोग्राम, फुकट वाटला, आणि आता हजारो लोक वापरतात. नेटवर त्यांच्या चर्चेची एक जागा आहे, तिथे बारा महिने भांडणं. फालतू मेल कशाला म्हणायचं, यावर लोक एकमेकांचे गळे धरतात. तिथे ‘टाचणी’ नावाने लिहिणारा कुणी एक आहे. बाई की बुवा, ठाऊक नाही. त्याने परवा दीड वर्षापूर्वीचं एक भांडण पुन्हा उकरून काढलं. ते सगळं सांगत बसत नाही, तुला कंटाळा येईल.

एक विचारायचं होतं. लॅबमधल्या त्या काउंटरवरच्या बाईंविरुद्ध तू जी तक्रार केलीस, त्याचं पुढे काय झालं? वहिनी म्हणाली त्यांना घरी बसवलंय आणि सव्वीसला चौकशी आहे. तू थोडं थांबला असतास तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. त्या सारखं सांगताहेत की वहिनीच्या गळ्यातल्या गाठीचा अहवाल मेलने पाठवला होता, तर कदाचित खरंच पाठवला असेल. मेल कधीकधी वाटेत कुठेही अडकते. वहिनीच्या डोक्याला आत्ता या कटकटी नकोत, एवढ्यासाठी म्हणतेय.

आणि दुकानातल्या कॉम्प्युटरला कुणाला हात लावू देऊ नकोस. मी आले की बघेन.

काळजीत असलेली,
धाकटी

———

१६ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार लिहितेय. पुढचं वाचून तो परत करायचा की ठेवायचा, ते तू ठरव.

तुझा फोन आला होता सोमवारी. स्क्रीनवर ‘दादा’ दिसलं आणि मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, घ्या ना, घरचा आहे. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले आणि जिन्यात जाऊन बसले. गेले काही दिवस हे असंच चाललंय.  नवीन मेल आल्याचा आवाज मी बंदच करून ठेवलाय. माझं पत्र मिळाल्यावर तू काही ओळखलं असशील, असं वाटत होतं. मग वाटलं, तू काहीच ओळखलं नसशील, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

आता सांगते. आधी ते भांडण सांगते, कारण त्यात माझा आवाज कसा होता हे तुला कळायला हवं.

चाळणी पूर्वी संशयास्पद मेल बाजूला ठेवायची आणि दर आठवड्याला विचारायची, की या काढून टाकू का. लोक ती यादी न वाचता ‘हो’ दाबायचे. मी म्हणाले, जो प्रश्न कुणी वाचत नाही तो विचारायचा कशाला? प्रोग्रामने माणसाला कमीत कमी त्रास द्यावा. म्हणून मी तो प्रश्नच काढला. सात दिवसांनी मेल आपोआप नाहीशी, ना विचारणं, ना सांगणं. टाचणी एकटा विरोधात होता. त्याने लिहिलं, की एक दिवस कुणाचं तरी महत्त्वाचं पत्र यात जाईल आणि त्या माणसाला कळणारही नाही की पत्र आलं होतं. मी त्याला उत्तर दिलं, परवाना वाचा. त्यात स्वच्छ लिहिलंय, हा प्रोग्राम जसा आहे तसा दिला आहे, कसलीही हमी नाही. कोड खुला आहे, पटत नसेल तर स्वतःची चाळणी बनवा. लोकांनी माझी वाहवा केली. मला फार बरं वाटलं होतं दादा. त्या दिवशी मी चालत घरी गेले.

जानेवारीत मी वहिनीला बघायला आले होते. एकोणीस तारखेला तू मला दुकानात फ्रेमच्या साठ्याची यादी छापायला सांगितलीस. तू पुढे गिऱ्हाईक बघत होतास. चाळणी स्वतःची एक नोंदवही ठेवते, कुठली मेल अडवली, कुठली काढली. तू ती कधी उघडली नसशील, उघडायची कशी हेही मी तुला दाखवलं नव्हतं. मी सहज उघडली. खरं तर सहज नाही. लॅबवाले ठामपणे सांगत होते, आणि माझ्या मनात कुठेतरी खटकत होतं.

ओळ अशी होती. बारा सप्टेंबर, लॅबचं नाव, ‘तातडीचे : आपला अहवाल त्वरित उघडा’, सोबत एक फाइल. शेरा : संशयास्पद. एकोणीस सप्टेंबर, काढून टाकली.

फसवणाऱ्या मेल अशाच असतात. घाई करतात, काहीतरी उघडायला सांगतात. चाळणीला ते मीच शिकवलं.

तुम्ही वाट बघत होतात. वहिनीने तुला दोनदा विचारलं होतं, काही आलं का, आणि तू म्हणाला होतास, काही वाईट असतं तर कळवलं असतं त्यांनी. जुन्या डॉक्टरांची बदली झाली, नव्यांकडे कागद पोचलाच नाही. चार महिने तुम्ही दोघं निर्धास्त होतात, आणि गाठ वाढत होती. आता सर्जन म्हणताहेत की ती आवाजाच्या नसेला चिकटली आहे, तेव्हाच आला असतात तर ऑपरेशन लहान झालं असतं. वहिनीचा आवाज, दादा. शाळेच्या मैदानाच्या या टोकावरून हाक मारली की त्या टोकाची पोरं थांबायची.

मी ती ओळ बघत बसले होते. तू मागून विचारलंस, झालं का छापून? मी ‘हो’ म्हणाले. आणि ती ओळ पुसली.

का पुसली ते मलाही नीट सांगता येत नाही. भीती वाटली. तू खुर्चीच्या मागे उभा होतास, तुझा हात खुर्चीच्या पाठीवर होता. माझं बोट माझ्याआधी हललं. मग तू मला रिक्षापर्यंत सोडायला आलास आणि म्हणालास, तू होतीस म्हणून धीर आला.

तेव्हापासून आजवर मी गप्प आहे. कदाचित गप्पच राहिले असते. पण गेल्या शुक्रवारी, तुला ते पहिलं पत्र टाकून आले त्याच संध्याकाळी, चाळणीच्या पत्त्यावर एक मेल आली. लॅबमधल्या त्या बाईंची. मी कोण, तुझी कोण, त्यांना काही माहीत नाही. त्यांच्या तंत्रज्ञाने तपासून सांगितलं, की मेल समोरच्या कॉम्प्युटरला पोचली होती आणि तिथे चाळणी बसवलेली दिसते. म्हणून त्यांनी प्रोग्राम बनवणाऱ्यालाच विचारलं. मी ती इतक्यांदा वाचली की पाठ झाली आहे : “मॅडम किंवा सर, तुमच्या प्रोग्राममुळे असं होऊ शकतं का? माझी चूक असेल तर मला ती मान्य करायची आहे, पण आधी मला कळायला हवं. अकरा वर्षांत माझ्या हातून एकही अहवाल राहिलेला नाही. आता मला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला आहे.”

मी अजून उत्तर दिलेलं नाही. आठ दिवस झाले.

तुझ्या कॉम्प्युटरवर आता काही सापडणार नाही. मी काम नीट केलं होतं. ती मेल चाळणीनेच काढून टाकली, हे सांगू शकणारी आता मी एकटीच आहे. हे पत्र टाकलं की मी त्या बाईंना कळवणार आहे, आणि सव्वीसला चौकशीला येणार आहे. तुला आधी सांगते आहे, कारण तिथे सगळ्यांसमोर ऐकून तुला धक्का बसू नये. खरं म्हणजे, तिथे तुझं तोंड बघत हे पहिल्यांदा सांगायची माझी हिंमत नाही.

वहिनीला ऑपरेशनआधी सांगायचं की नंतर, ते तू बघ. मला काही म्हणायचा हक्क नाही.

पुढे काय लिहावं सुचत नाही.

तुझी बहीण

———

३ मार्च

दादा,

एकाच इमारतीत चार दिवस काढूनही आपण बोललो नाही, म्हणून पुन्हा लिहितेय. हे पत्र पोस्टात टाकणार नाही. वहिनीच्या खोलीबाहेरच्या नर्सकडे ठेवून जाईन.

सव्वीसला तू येशील असं मला वाटलं नव्हतं. मी पोचले तेव्हा तू आधीच बसला होतास, शेवटच्या रांगेत, दाराजवळ. लॅबचे मोठे साहेब, तंत्रज्ञ, आणि त्या बाई. मी मनात एखादी तरतरीत, भांडकुदळ बाई धरून चालले होते. त्या पन्नाशीच्या, बारीक, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरून बसलेल्या. मी बोलायला उभी राहिले. साहेबांनी विचारलं, नोंद आहे का? मी म्हणाले, होती. “मी पुसली.”  मग तू उठलास. मला वाटलं आता माझ्याकडे येतोस, आणि मी चक्क एक पाऊल मागे सरकले. तुला ते दिसलं. त्याबद्दल मला माफ कर. तू कधी माझ्यावर हात उगारला नाहीस, तरी मी मागे सरकले.

तू त्या बाईंपुढे जाऊन उभा राहिलास आणि म्हणालास, “बाई, तक्रार मी मागे घेतो. तुम्हाला फार त्रास झाला.” आणि निघून गेलास. त्या रडल्या नाहीत. त्यांनी मला फक्त विचारलं, मी मेल पाठवल्यावर आठ दिवस तुम्ही काय करत होतात?  त्या आता पुन्हा कामावर आहेत. सोमवारपासून लॅब रुग्णाला फोनही करणार आहे, असं साहेब म्हणाले.

चाळणीच्या लोकांना मी सगळं सांगितलं, तुमची ओळख न देता. निम्म्यांनी शिव्या दिल्या. उरलेले मला समजवायला लागले, की परवान्यात लिहिलंय ना, कसलीही हमी नाही, मग तुमची जबाबदारी येतेच कुठे. माझंच वाक्य मला वाचून दाखवत होते. टाचणी काय लिहील याची मला सगळ्यात धास्ती होती. त्याने एक शब्दही सुनावला नाही. त्याने फक्त मेल न पुसता ठेवून देणारा कोड लिहून पाठवला, आणि विचारलं, की यादी मोठ्या अक्षरात दाखवली तर लोक वाचतील का. मी तो त्याच दिवशी चाळणीत घातला.

अठ्ठावीसचं तुला माहीतच आहे, पण माझ्या बाजूने सांगते. मी बाकाच्या या टोकाला होते, तू त्या टोकाला. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकांच्या दोन सह्या हव्या होत्या. नर्सने तुझी घेतली आणि दुसरं कोण आहे म्हणून विचारलं. मला वाटलं, तू म्हणशील कुणी नाही. तू मान वर न करता कागद माझ्याकडे सरकवलास आणि ‘नातं’ या रकान्यावर बोट ठेवलंस. मी ‘नणंद’ लिहिलं. 

साडेचार तास. मग सर्जन बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली म्हणाले. नस कापावी लागली नाही, पण सोडवताना फार ताणली गेली. आवाज येईल, कसा येईल ते आत्ताच सांगता येत नाही. तू भिंतीला टेकलास. मला तुला धरायचं होतं, आणि मी हलले नाही.

काल तू औषधं आणायला खाली गेलास तेव्हा मी आत गेले. तुला न विचारता, हे चुकलं असेल तर बोल. तिला बोलायची मनाई आहे. तिने उशाशी ठेवलेल्या वहीत लिहिलं, ‘याने सांगितलंय मला. कधीपासून माहीत होतं?’ मी म्हणाले, एकोणीस जानेवारीपासून. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. दिवस मोजले असतील. मग पेन्सिल खाली ठेवून खिडकीकडे तोंड फिरवलं. मी बसून राहिले. तिने मला जा म्हणून खूण केली नाही. थांब म्हणूनही केली नाही. तू जिन्यावर दिसलास तशी मी निघाले.

उद्या सकाळी डॉक्टर तिला पहिल्यांदा बोलायला सांगणार आहेत. मला यायचंय. दादा, तिचा आवाज कसा निघेल याची भीती आहेच. त्याहून मोठी भीती ही, की आवाज आला तर त्यात ती माझ्याशी पहिलं काय बोलेल. ते काहीही असलं तरी मी ऐकणार आहे, एवढं मात्र मी ठरवलंय.

तू नको म्हणालास तर आत येणार नाही. दाराबाहेर उभी राहीन, तिला दिसणार नाही अशी. फक्त दार पूर्ण लावू नकोस.

दाराबाहेरची,
तुझी बहीण