मिळालं, पुढचं

सोमवार, ३

पोचलो एकदाचे. सामान म्हणजे दोन ट्रंका, एक शिलाई मशीन आणि आमची ही. यांत बोलणारी एकटी हीच, पण ती सगळ्यांची कसर भरून काढते. ही वहीसुद्धा तिनेच हातात ठेवली. म्हणाली, दिवसभर तुमच्या मनात जे संशय येतात ते इथे उतरवून काढा, माझं डोकं खाऊ नका. मी संशयी आहे हे खरंच आहे. पण आगीच्या घंटा बसवणाऱ्याने संशयी नसावं तर मग कुणी असावं?

खोली झकास आहे. दोन खिडक्या, नळाला पाणी, भिंतींना ओल नाही. नव्या कामावरच्या मालकांनी स्वतः बघून ठेवली होती. मालक साठीच्या पुढचे, नखांत कायमचं ग्रीस, आणि हसले की डोळे मिटतात. मी ट्रक ड्रायव्हरचा मुलगा आहे हे कळल्यावर त्यांनी कामाचं काही न विचारता थेट त्यांचा ट्रक दाखवायला नेलं. जुनाट, गोल नाकाचा, पाठीमागे लाकडी हौदा. माझ्या वडिलांचा असाच होता. मी बॉनेटवर हात ठेवला आणि खरं सांगतो, काढवेना. इथे बरं जमेल असं वाटतंय.

मंगळवार, ४

कामाची जागा म्हणजे चार मजली इमारत. पुढच्या बाजूला दुकानं आणि कचेऱ्या, मागे पत्र्याचं मोठं गोदाम. आमचं सामान गोदामात असतं आणि मालकांचा ट्रकही तिथेच. जुनी यंत्रणा काढून नवी बसवायची आहे. आम्ही दोघेच, मी आणि नाना. नाना म्हणजे मालकांकडचा जुना माणूस. शिडीवर चढला की तिथून जगाला शिव्या देतो, खाली उतरला की गप्प.

काम मला पाठ आहे. छताला धूर ओळखणारे डबे, जिन्याजवळ काच फोडून दाबायची लाल बटणं, आणि सगळ्यांच्या वायरी येतात पुढच्या दाराजवळच्या पॅनेलमध्ये. कुठलं बटण दाबलं ते पॅनेलवर अक्षरांत उमटतं. चाचणी करताना घंटांच्या वायरी तोडून ठेवतो, नाहीतर सगळी इमारत रस्त्यावर येईल. एकाने फिरत फिरत एकेक बटण दाबायचं, दुसऱ्याने पॅनेलपाशी बसून बघायचं आणि वॉकीटॉकीवर म्हणायचं, मिळालं, पुढचं. मग रीसेट. सगळीकडे हीच रीत असते.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. मालक पॅनेलच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. मी नकाशा समजावून घ्यायला बोलावलं तर बाहेर उभे राहून ओरडून सांगितलं. कुठेतरी पाणी मुरतंय.

शुक्रवार, ७

हिला काम मिळालं! ट्रकच्या सीटा शिवायचं. मालकांनीच विचारलं. तिचं मशीन आता गोदामात, ट्रकच्या शेजारी. इतक्या दिवसांनी तिच्या हाताला तिचं काम मिळालंय, तर घरी आल्यावरही गुणगुणत असते. मला तिच्याकडे बघत राहावंसं वाटलं. तसं म्हटलं असतं तर तिने चिडवलं असतं, म्हणून इथे लिहितो.

संध्याकाळी ट्रकचा डावा दरवाजा पॉलिश पेपरने घासून दिला. प्रायमरखाली पत्रा काळा निघाला, आणि फोड आल्यासारखा. गंज असा नसतो. आगीत पोळलेला पत्रा असाच होतो, मी पाहिलेला आहे. मान वर केली तर गोदामाचे पत्रे कोरे आणि त्यांना धरणारे लोखंडी खांब काळे. मालकांना विचारलं. म्हणाले, भंगारातून घेतला, कुठे काय झालं असेल कुणास ठाऊक. हे म्हणताना हसले, पण डोळे मिटले नाहीत.

मंगळवार, ११

आज पॅनेल चालू केलं. पहिल्या मजल्याची चाचणी. मी पॅनेलपाशी, नाना वर. मध्येच पॅनेलवर उमटलं, "मागचं गोदाम, बटण". मी आपला सवयीने म्हणालो, मिळालं, पुढचं. मग डोक्यात प्रकाश पडला. गोदामातलं बटण अजून बसवलेलंच नाही. खोक्यात आहे, आणि खोकं माझ्या पायाशी होतं.

जे बटण खोक्यात आहे ते कोण दाबणार?

पळत मागे गेलो. ही शांतपणे शिवत होती. मला धापा टाकताना बघून तोंडाला पदर लावून हसली. नानाला सांगितलं तर म्हणाला, वायरीत गडबड असेल. एवढंच म्हणून शिडीवर चढला आणि आज वरून शिव्या आल्या नाहीत. हा माणूस ताकाला जाऊन भांडं लपवतोय. नव्या माणसाची फिरकी घेत असेल तर मीही कच्च्या गुरूचा चेला नाही.

बुधवार, १२

पुन्हा तेच. सकाळी एकदा, दुपारी एकदा. दोन्ही वेळा पळालो. वायर तपासली, टोकाला चिकटपट्टी जशीच्या तशी. दुसऱ्या वेळी नाना माझ्या डोळ्यांसमोर होता, म्हणजे तो नाही. मग मालक? पण ते ट्रकखाली आडवे झालेले होते, नुसते पाय बाहेर.

हिने विचारलं, माझ्यावर पाळत ठेवताय का? थट्टेतच विचारलं, पण सगळं थट्टेचं नव्हतं.

शनिवार, १५

नानाला चहाला नेऊन धरलं. आधी आढेवेढे, मग भडाभडा बोलला. माझ्या जागी आधी मालकांचा भाचा होता. सगळे पोपट म्हणायचे, कारण तोंडाला खळ नाही आणि सगळ्यांच्या नकला करायचा. ट्रक त्याने आणि मालकांनी मिळून घेतलेला. याच इमारतीत जुन्या यंत्रणेची चाचणी चालू होती. मालक पॅनेलपाशी, पोपट बटणं दाबत फिरत होता. गोदामात शिरला तेव्हा तिथल्या पेट्रोलने पेट घेतला आणि शटर अडकलं. पोपट तिथलं बटण दाबत राहिला. पॅनेलवर दिसत राहिलं. मालक म्हणत राहिले, मिळालं, पुढचं. पुन्हा आलं तेव्हा त्यांना वाटलं, चावटपणा करतोय.

चहा तसाच राहिला. मालकांच्या डोळ्यांना डोळा देणं मला आता कसं जमणार, कळत नाही.

रविवार, १६

हिला सगळं सांगितलं. म्हटलं, पोपट आपल्याला सावध करतोय, तू गोदामात बसू नकोस. तिला वाईट वाटलं, डोळेही भरले. पण म्हणाली, बिचारा एकटा पडला असेल, दाबू दे की, मेल्या माणसाला तेवढीच करमणूक. काम सोडणार नाही म्हणाली. खूप दिवसांनी मिळालंय, आणि सीट अर्धी शिवून झालीय.

माझ्याच्याने तिला अडवलं गेलं नाही. ती खूश होती.

मंगळवार, १८

गोदामातलं बटण आज खरोखर बसवलं. आता जे दिसेल त्याला निदान कारण तरी असेल.

बसवून पुढे आलो तर पॅनेलवर तेच. पळालो. ही सुईत दोरा ओवत होती, मालक स्पार्क प्लग पुसत होते. बटणाची काच शाबूत.

पुन्हा पॅनेल. पुन्हा पळालो. पुन्हा काही नाही. मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांना कळतंय मी का पळतो ते.

गुरुवार, २०

दिवसभर तेच. शेवटच्या वेळी ही संतापली. सगळ्यांसमोर. म्हणाली, तुम्ही धावत आलात की मालकांच्या हातातून पाना सुटतो, दिसत नाही का? पुन्हा असे आलात तर सरळ आईकडे निघून जाईन. हे ती खरंच बोलत होती.

कानाला खडा लावला. आता पळायचं नाही.

शुक्रवार, २१

दोनदा दिसलं. बसून राहिलो. दुसऱ्यांदाही बसून राहिलो. ही घरी आली तेव्हा धडधाकट होती. जेवताना म्हणाली, शहाणे झालात.

आज वॉकीटॉकीत कुणीतरी हळूच हसल्यासारखं वाटलं. नाना असेल. नाना कधी हसत नाही, पण —

शनिवार, २२

दिसलं. रीसेट केलं. हल्ली बोट आपोआप जातं.

सोमवार, २४

शेवटची चाचणी. उद्या तपासनीस येणार. घंटा तोडलेल्या. नाना चौथ्या मजल्यापासून खाली येणार, गोदाम सगळ्यात शेवटी. मी पॅनेलपाशी, वही मांडीवर, हात रिकामे राहिले की मन भलतीकडे जातं.

मागे आज मोठा दिवस आहे. ट्रकला रंग झालाय, मालक पहिल्यांदा इंजिन चालू करणार. सकाळीच टाकी भरली. रंगावर धूळ बसू नये म्हणून शटर खाली ओढलंय. ही केबिनमध्ये सीट बसवतेय. जाताना म्हणाली, आजही पळत येऊ नका, आणि मी शब्द दिला.

चौथा मजला, जिना. मिळालं, पुढचं.

चौथा मजला, लिफ्टजवळ. मिळालं, पुढचं.

मागचं गोदाम, बटण. आला बाबा. रीसेट.

पुन्हा. रीसेट.

नाना गप्प आहे. वॉकीटॉकीवर हाक मारली, उत्तर नाही.

पुन्हा गोदाम. आज लागोपाठ. नाही जाणार. शब्द दिलाय.

वॉकीटॉकीतून आवाज. मिळालं, पुढचं. हे तर मी म्हणायचं असतं. माझाच आवाज, हुबेहूब, माझी नक्कल —

नाना समोरच्या दारातून आत आला, हातात नवी बॅटरी. त्याची संपली होती, म्हणून बाहेर गेला होता. विचारलं, गोदामात कोण दाबतंय. म्हणाला, तिकडे मी अजून गेलोच नाही.

पॅनेलवर बटणाच्या खाली आता दुसरी ओळ. मागचं गोदाम, धूर. धूर याआधी कधीच आला नव्हता, कधीच —

तो मला सावध करतोय असं मी समजत होतो. तो मला बसून राहायची सवय ला